साक्षीदाराची सही

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, तरी हे पत्र मी मुद्दाम लिहीत आहे. फोनवर बाबा पहिल्या वाक्यालाच "बरं, आईशी बोल" म्हणतात आणि आईला दुसऱ्या वाक्याला रडू येते, त्यामुळे माझे तिसरे वाक्य आजवर कुणी ऐकलेले नाही. आई, पत्र तू मोठ्याने वाच. बाबा, उजव्या डोळ्याचे ऑपरेशन होईपर्यंत तुम्ही बारीक अक्षर वाचायचे नाही असे ठरले आहे, तेव्हा कागद तिच्या हातातून घेऊ नका.

मी लग्न करायचे ठरवले आहे, पिंपळगावच्या अण्णांच्या धाकट्या मुलाशी. आपल्या घरात त्याचे नाव निघत नाही, म्हणून या पत्रातही मी ते लिहीत नाही; तुम्ही स्वतः घ्याल तेव्हाच मी तुमच्यासमोर घेईन. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे द्यायची नोटीस आम्ही नाशिकच्या विवाह अधिकाऱ्यांकडे दिली आहे. ती कार्यालयाच्या फलकावर लागते, ३० दिवस हरकतींची वाट पाहिली जाते, आणि त्या भागात बाबांच्या सिक्युरिटी प्रेसमधले कुणी ना कुणी कामाला येतच असते. जेल रोडच्या भाजीबाजारात आईला ही बातमी दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्यासाठी आज लिहायला बसले.

नोंदणी पद्धत निवडण्यात तुम्हाला टाळण्याचा हेतू नव्हता. मांडव घातला असता तर कोण कुणाच्या दारात आधी जाणार, आहेर कुणी कुणाचा घ्यायचा, पंगतीत कुणाशेजारी कुणाला बसवायचे, यातच दोन्ही घरांचे जुने सगळे वर आले असते. सरकारी कार्यालयात वरपक्ष आणि वधूपक्ष एकाच बाकावर बसतात. शिवाय खर्च नाही. बाबांच्या भविष्यनिर्वाह निधीतले आता जे उरले आहे, त्याला माझ्या लग्नासाठी हात लावायचा नाही, हे मी नोकरीला लागले तेव्हाच ठरवले होते.

२०१० साली काय झाले ते मी तुम्हाला सांगायला नको. पण मी ज्या कामात आहे, त्यामुळे त्यातली एक बाजू मला नीट मांडता येते. वेलीची वाढ आटोक्यात राहावी म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड वर्षानुवर्षे फवारत आले होते. आपल्याकडे निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्यांच्या यादीत ते तोवर नव्हते. त्या हंगामात युरोपात मात्र द्राक्षांत त्याचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. अण्णांचा माल त्यातच होता. पैसा आला आणि त्यांनी तो दडवला, असे तेव्हा सगळे म्हणत होते; तो आलाच नव्हता. यामुळे अण्णांच्या कर्जाचे जामीनदार म्हणून पतसंस्थेने बाबांच्या पगारातून कापून घेतलेले परत येत नाही आणि आईच्या पाटल्याही परत येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, हे करार कायद्याचे कलम १२८ मला शाळेत असतानाच पाठ झाले, कारण बाबा ते जेवताना म्हणत. आणि जामिनकीचा स्टॅम्पपेपर आपल्याच प्रेसमध्ये छापलेला होता, हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला की आम्ही हसणे सोडून दिले.

एक गोष्ट मात्र तुम्हाला ठाऊक नसावी. त्या दिवाळीत बेदाण्याची जी पेटी आली आणि बाबांनी दोरीही न सोडता त्याच माणसाबरोबर परत पाठवली, तिच्या तळाशी एक पाकीट होते, आणि त्यात पहिल्या हप्त्याचा चेक होता. तोंडाने बोलायची अण्णांना लाज वाटत होती, म्हणून त्यांनी तो बेदाण्याखाली ठेवला. पेटी जशीच्या तशी परत आल्यावर त्यांनी अर्थ काढला की तुम्हाला त्यांच्याकडून पैसेसुद्धा नकोत. आणि पुढे काहीच न आल्याने तुम्ही जो अर्थ काढला तो तर घरात सगळ्यांना पाठ आहे. बाबा, त्या दिवशी तुमच्या जागी कुणीही असता तरी त्याने पेटी परतच केली असती. हे मी तुम्हाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. हे मला इतक्या वर्षांनी कळले, मग ते तुम्हालाही कळायला हवे, एवढेच.

आमचे कसे जमले, हे आई विचारणारच. आमच्या प्रयोगशाळेतर्फे पिंपळगावला बागायतदारांसाठी एक कार्यक्रम होता आणि शेवटची फवारणी व काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, यावर मी बोलत होते. तिसऱ्या रांगेतून एकाने विचारले की औषधाच्या लेबलवर लिहिलेले दिवस थंडी जास्त पडली तरी तेवढेच धरायचे का. प्रश्न चांगला होता, म्हणून मी मान वर केली. डाव्या अंगठ्यावर छाटणीच्या कात्रीचा तो जुना व्रण होता, ज्यावर आईने एकदा शेडमध्ये हळद दाबली होती. त्यानंतर तो रिपोर्टमधले आकडे विचारायला फोन करू लागला, आणि खूप दिवस आम्ही खरोखरच आकड्यांविषयी बोलत होतो. डावणी, भुरी, व्यापाऱ्याने पाडलेला भाव, मण्याची फुगवण, ढगाळ हवा. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि हंगाम सुरू झाला की मला नसते. अशा दोन माणसांचे प्रेम सावकाशच होणार.

२०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा दवाखान्यात होते आणि जिल्हाबंदीमुळे मी पुण्यात अडकले होते, तेव्हा आईकडे रोज सकाळी फाटकावर औषधे आणि डबा ठेवून जाणारा, "प्रेसमधल्या काकांचा मुलगा" म्हणून सांगणारा मास्कवाला मुलगा हाच होता. आई, तू त्याला तेव्हा भरभरून आशीर्वाद दिलेस आणि परत देताना डबा विसळून त्यात साखर घालून दिलीस, हे त्याने मला सांगितले आहे. बाबा घरी आल्यावर मी त्याला विचारले की जामिनकीची फेड अशी चालली आहे का. त्याने उत्तर दिले नाही आणि फोन ठेवला. पुढचा सबंध हंगाम त्याचा एक मेसेजही नव्हता. मला वाटले, माझे अनुमान खरे ठरले म्हणून तो गप्प आहे. त्याला वाटले, आमच्या घरात त्याला आयुष्यभर कर्जदाराचा मुलगा म्हणूनच पाहिले जाणार. हा अबोला शेवटी काकूंनी, त्याच्या आईने, मोडला. त्यांनी मला फोन करून फक्त एवढेच विचारले की बाबांना गोड चालते का, बागेतला पहिला घड पाठवायचा आहे. मग मीच त्याला फोन केला, आणि त्या रात्री पहिल्यांदा आम्ही द्राक्षे सोडून बोललो.

बाबा, लहानपणी रंगपंचमीला तुम्ही आणि अण्णा दोघे मित्र आम्हाला तिवंध्याची रहाड, म्हणजे जमिनीतला रंगाचा हौद, दाखवायला न्यायचात आणि हातात हात धरून रंगात धप्पा मारायचात, ते मला स्वच्छ आठवते. घरी आल्यावर बाबांच्या कानामागचा पिवळा रंग मी नखाने खरवडत बसायची. मुक्तिधामच्या भिंतीवरचे गीतेचे श्लोक बाबांनी मला कडेवर घेऊन, बोट धरून वाचायला शिकवले, आणि एखादे अक्षर चुकले की माझे बोट पुन्हा तिथेच ठेवले. त्याच सवयीने मी अण्णांच्या घराचा सातबाराही ओळ न ओळ वाचला आहे. इतर हक्कांत सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा आहे, तो दरवर्षी वेळेवर फिटतो, आणि त्याखेरीज कुठेही कुणाचा बोजा नाही. प्रेमात पडल्यावर सातबारा काढणारी मुलगी प्रेसवाल्याच्याच घरात जन्मू शकते.

आता तुमच्याविषयी. जूनपासून मी नाशिकच्या एका प्रयोगशाळेत रुजू होत आहे. पिंपळगावहून जेल रोड तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणजे पुण्यापेक्षा मी तुम्हाला कितीतरी जवळ येणार आहे. घरखर्चाला दरमहा जे येते ते तसेच येत राहील. हा विषय मी काढण्याआधी त्यानेच काढला. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट बदलून घेते. स्वयंपाकाच्या बाई दोन्ही वेळ येतील, त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे. आई, तू त्यांच्यामागे उभी राहून पोळ्या मोजायच्या नाहीत. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी घेतलेला नाही. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, आठवण झाल्यावरची नाही. हे पत्र वाचून तुमचे दोघांचे भांडण होणार असेल तर जेवण झाल्यावर करा.

एक मागणे आहे, आणि ते लिहिताना माझा हात थोडा अडखळतो आहे. या लग्नाला ३ साक्षीदार लागतात. एक काकू आहेत. उरलेल्या दोन जागांसाठी आम्ही बाहेरच्या कुणालाही विचारलेले नाही. अण्णांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "कर्जाच्या कागदावर माझ्या सहीखाली त्यांची सही होती. आता त्यांच्या सहीजवळ माझी नको." ते बाहेर व्हरांड्यात थांबणार आहेत. बाबा, पोस्टाच्या पोचपावतीखेरीज कुठेही सही करायची नाही हा तुमचा नियम मला मान्य आहे, आणि मी तो मोडायला सांगत नाही. मात्र साक्षीदाराच्या सहीने कुणाचे देणे अंगावर येत नाही. तुमच्यासमोर हे लग्न झाले, एवढेच ती सांगते. आई, तुझ्यासाठीही हेच. मनात नसेल तर नुसते येऊन बसा. तेही नको वाटले तर मी संध्याकाळी घरी येऊन पाया पडेन, आणि त्याला फाटकाबाहेर थांबवेन.

नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांच्या आत लग्न लावावे लागते, तेव्हा घाई काहीच नाही. खरड छाटणी उरकली आहे, बागेलाही माणसांची अडचण नाही. आधी डोळ्याचे ऑपरेशन, मग थेंब घालायचे दिवस पुरे होऊ देत, आणि बाबांना कागदावरची ओळ स्पष्ट दिसू लागली की मगच तारीख घेऊ. साक्षीदाराला आधार कार्ड आणि फोटो लागतो. आईचा फोटो जुना आहे, नवा काढून घ्या. डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला की त्याच संध्याकाळी मला कळवा, म्हणजे मला रजा टाकता येईल.

तुमची
मनू