फ्रेंच म्हणून विकलेला सायकलचा हेडसेट इंग्लिश मापाचा निघाल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

काकांची जुनी फ्रेंच सायकल, प्यूजो पीएक्स-१०, पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून मी आपल्याकडून हेडसेट (हँडल वळवणाऱ्या बेअरिंगचा संच) मागवला. वर्णनात 'फ्रेंच, २५ × १ मिमी' (व्यास २५, दोन आट्यांतले अंतर १) असे स्पष्ट लिहिले होते, खोक्यावरही तेच छापले आहे. आत मात्र इंग्लिश मापाचा माल निघाला: व्यास २५.४ मिमी, इंचाला २४ आटे.

फ्रेममध्ये ठोकायच्या दोन्ही वाट्या चोख बसल्या, कारण ३०.२ मिमी हे माप दोन्ही पद्धतींत एकच आहे. त्यामुळे सुरुवातीला कुणालाच शंका येत नाही. आट्यांची वरची वाटी पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या नळीवर चढवली, तेव्हा ती डुगडुगत खाली उतरली. वरचा चेकनट (वाटी जागेवर धरणारा नट) कितीही आवळा, पुढचा ब्रेक दाबला की चिमटा मागेपुढे हलतो. वाळूज एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये थ्रेड गेज (आट्यांतले अंतर मोजायची पट्टी) लावून पाहिला. नळीवर एक मिलिमीटरचा आटा, तुमच्या वाटीत १.०५८ चा. असा हेडसेट लावून दौलताबादचा घाट उतरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

त्याहून संताप आला तो आपल्या प्रतिनिधीच्या उत्तराचा. "नळीवर २४ ची डाय (आटे पाडायचे हत्यार) फिरवून घ्या," म्हणे! अहो, २५ मिमीची नळी डाय फिरवून २५.४ ची होते का? आहेत ते आटेही कापले जातील. मुळात त्या नळीची भिंत जेमतेम दीड मिलिमीटरची, आणि असा चिमटा आज आणायचा कुठून? जुन्या सायकलींचे भाग विकणाऱ्याने असा सल्ला द्यावा, हे मला अजिबात पटलेले नाही.

'एकदा बसवलेला माल परत घेत नाही' हे कारणही चालणार नाही. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात.

माल आपल्या खर्चाने परत न्यावा, कुरिअरसकट पूर्ण रक्कम द्यावी आणि ते वर्णन आजच काढावे. खरा फ्रेंच हेडसेट शिल्लक असेल, तर आट्यांवर गेज लावलेला फोटो आधी पाठवा, मी तो जरूर घेईन. १५ दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

सोबत: बिल, खोक्याचे व मापांचे फोटो.

आपला,
एक ग्राहक, छत्रपती संभाजीनगर