बाटली उघडली रे एकदाची!

डर्बी, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

फोनवर सांगणार होतो, पण तू मध्येच तोडतोस म्हणून लिहूनच टाकतो. मी घरी बिअर करायला लागलोय. हसू नकोस, तयार सिरप ढवळून नाही, थेट बार्लीच्या माल्टपासून, अस्सल इंग्लिश बिटर, म्हणजे इकडची कडवट बिअर. इकडे १९६३ पासून घरी करायला लायसन लागत नाही, फक्त विकायची नाही.

पहिली बॅच मोरीत ओतली. २३ लिटर! ग्लास नाकाशी नेला तर थेट ड्रेसिंगच्या खोलीचा वास, बायको म्हणाली ही जखमेला लावायची का. मला वाटलं भांडी नीट धुतली नसतील, पण घोळ निघाला नळाच्या पाण्याचा, त्यातलं क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी जमतं आणि हा दवाखाना तयार होतो. उपाय काय तर कॅम्पडेनची, म्हणजे क्लोरीन मारणारी, अर्धी गोळी, आदल्या रात्री पाण्यात टाकायची, बस्स. इतका राग आला ना स्वतःचा!

आणि गंमत बघ, इथून जवळच बर्टन आहे, बिअरचं गाव, ते मोठं झालंच पाण्यामुळे. तिथल्या जमिनीत जिप्सम, त्याने हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा कसा खणखणीत लागतो. तिथलीच पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, एकोणिसाव्या शतकात पिंपं भरभरून जहाजाने मुंबई-कलकत्त्याला यायची. म्हणजे आपल्याकडे जायची. बघ, मी पण आता इकडचा झालो.

दुसऱ्या वेळी मॅरिस ऑटर जातीच्या बार्लीचा ४ किलो माल्ट, पाव किलो क्रिस्टल माल्ट. माल्ट म्हणजे काय रे, आई नाचणीला मोड आणून वाळवून सत्त्व करायची ना, तेच बार्लीचं. भरडलेला माल्ट ६६ डिग्रीच्या पाण्यात तासभर झाकून ठेवायचा, स्टार्चची साखर होते, घरभर गुऱ्हाळाचा वास. मग गाळून तासभर उकळी, सुरुवातीला ५० ग्रॅम गोल्डिंग्ज हॉप्स कडवटपणासाठी आणि शेवटच्या दहा मिनिटांत थोडे फगल्स हॉप्स वासासाठी, मग पटकन गार करून यीस्ट. डबा जिन्याखाली ठेवला, तिथे १९ डिग्री असतं. दुसऱ्या दिवशी वर इडलीच्या पिठासारखा फेस, झाकणावरच्या एअरलॉकची, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीची, रात्रभर बुडबुड, मी दोनदा उठून बघून आलो.

गाळलेल्या चोथ्याचं थालीपीठ पण करून पाहिलं. नको करूस. टरफलं अजून दातात आहेत.

दोन आठवड्यांनी हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची नळी, १०४० वरून १०१० वर आला, म्हणजे साधारण चार टक्के अल्कोहोल. बाटलीत अर्धा चमचा साखर टाकून बूच लावलं, अजून दोन आठवडे कळ काढली आणि आज उघडली. फार गार नाही प्यायची ही, फ्रिजमधून काढून थोडा वेळ ठेवायची. बिस्किटासारखी चव, मागून मातकट कडू. बायकोने अख्खा ग्लास संपवला, काही बोलली नाही, दुसरा मागितला.

डिसेंबरात येतोयस ना? सहा बाटल्या बाजूला काढल्यात. येताना काकूंच्या हातची भाजणी आण, चकल्या इथे तळू.

तुझाच,
जाड्या