मन्याला पत्र: बावीस मिनिटांची कांडी

सोलापूर, रविवार रात्र

मन्या,

काय बे, कसा आहेस? "प्लाझ्मा २२ मिनिटं टिकला त्यात एवढं काय" म्हणून विचारलंस ना, फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून आता बसून लिहितोय.

बघ, प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. तो टिकवण्यात २० जानेवारी २०२५ ला चीनच्या ईस्ट नावाच्या मशीननं १०६६ सेकंद गाठले आणि तीनेक आठवड्यांत, १२ फेब्रुवारीला, फ्रान्सच्या वेस्टनं १३३७, तीच तुझी २२ मिनिटं. दोन्ही टोकामाकच, म्हणजे चुंबकाच्या जोरावर प्लाझ्मा कड्यासारखा गोल धरून ठेवणारी मशीन. तुला आमच्या शेडमधला माग आठवतो का, धोट्यातली सुताची कांडी संपली की बाबा माग थांबवायचे, नवी घालायचे, मग परत खडखडाट सुरू? टोकामाकचं दुखणं अगदी तेच आहे. प्लाझ्मा धरून ठेवायला नुसत्या बाहेरच्या कॉइल पुरत नाहीत, प्लाझ्माच्या आतूनही करंट वाहावा लागतो, तो एरवी ट्रान्सफॉर्मरसारखा काढतात, मधल्या कॉइलचा करंट बदलत ठेवून, पण एकाच बाजूला किती वेळ बदलत जाणार, कधीतरी कांडी संपतेच. वेस्टवाल्यांनी मायक्रोवेव्हनं इलेक्ट्रॉनना ढकलत ठेवलं, २ मेगावॅट आत सोडून, त्यामुळं करंट चालू राहिला. हे बाबांना सांगितलं तर चहा खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे सूत बाहेरूनच येत राहिलं म्हण की." मला हे एका वाक्यात कधीच जमलं नसतं रे.

भिंतीचं वेगळंच. आत ५ कोटी अंश, म्हणून भिंतीला टंगस्टन, तो ३४२२ अंशाला वितळतो, पण त्याचे थोडे जरी अणू प्लाझ्मात शिरले तरी उष्णता प्रकाशाच्या रूपात बाहेर फेकतात आणि प्लाझ्मा थंड पडतो. इतका वेळ हे सांभाळायचं म्हणजे मला तरी तापमानाच्या आकड्यापेक्षा मोठं काम वाटतं.

वीज मात्र यातून आली नाही हां, ते मनात धरू नको. फ्युजनची, म्हणजे हलके अणू एकमेकांत जोडून निघणारी, खरी ऊर्जा २०२३ मध्ये इंग्लंडच्या जेट या टोकामाकनं काढली, ६९ मेगाज्यूल, पण पाचच सेकंद. ऊर्जाही आणि वेळही एकाच मशीनमध्ये मिळायला पाहिजे, ते अजून बाकी आहे.

आपल्या गांधीनगरला एसएसटी-१ नावाचं टोकामाक आहे, सुपरकंडक्टिंग मॅग्नेटवालं, म्हणजे कॉइलमध्ये करंटला विरोधच होत नाही असं, मुळात प्लाझ्मा जास्त वेळ टिकवायलाच बांधलेलं. मला ते एकदा डोळ्यांनी बघायचंय. गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा ठरवू, बाबांनाही घेऊन जाऊ. शेंगाची चटणी काढून ठेवतो.

तुझा,
बंड्या