परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र: न्यासाच्या खोलीत राहणाऱ्यांचा पत्ताही ग्राह्य धरावा

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय: सार्वजनिक न्यासाच्या निवासस्थानी राहणाऱ्या धर्मसेवकांकडून पासपोर्टसाठी मागितला जाणारा पत्त्याचा पुरावा आणि त्यांची पोलीस पडताळणी.

सन्माननीय महोदय,

मी नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यात एका लहान ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. केनियातील मोम्बासाजवळच्या एका मंडळीने मला त्यांच्या वार्षिक उपासनेसाठी बोलावले असून त्यानिमित्ताने मी प्रथमच पासपोर्टसाठी अर्ज केला. या तयारीत जी अडचण आली ती माझ्यापुरती असती, तर संबंधित कार्यालयाला अर्ज करून मी थांबलो असतो. परंतु गावोगावी न्यासाच्या, देवस्थानाच्या किंवा मशिदीच्या खोलीत राहून सेवा करणाऱ्या प्रत्येकाला ती येऊ शकते, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

मोम्बासाहून सुरगाण्याला आमंत्रण कसे, असा प्रश्न आपल्याला पडला तर तो स्वाभाविक आहे. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले नाशिकच्या शरणपूर वस्तीत शिकली व वाढली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा 1874 साली, आफ्रिकेत वारलेले मिशनरी व संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत गेला, आणि 1875 च्या सुमारास याच मंडळींपैकी अनेकजण मोम्बासाजवळ वसवलेल्या फ्रीअरटाऊनमध्ये राहायला गेले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रीअर यांचे नाव त्या वस्तीला दिलेले आहे. नाशिककर शरणपूर रस्त्यावरून रोज ये-जा करतात, पण हे नाते इकडे फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाही. तिकडे मात्र ते अजून जपले जाते. त्या लोकांना नाशिक जिल्ह्यातून कुणीतरी यावेसे वाटते, याचे मोल मला फार आहे.

केनियाला जाण्यासाठी आता व्हिसा लागत नाही; जानेवारी 2024 पासून तेथील सरकारची प्रवासपरवानगी ऑनलाइन मिळते. परतताना भारतात पीतज्वराच्या लसीचा दाखला दाखवावा लागतो, ती लस अधिकृत केंद्रातच मिळते आणि निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिची सोय मुंबईला होईल. खरी अडचण पासपोर्टपाशीच आहे.

माझे काम कसे चालते ते थोडे सांगावे लागेल, कारण अडचण त्यातूनच निर्माण होते. मंडळीची घरे सात-आठ पाड्यांवर विखुरलेली आहेत. रविवारी सकाळची उपासना एका पाड्यावर, दुपारची दुसऱ्या पाड्यावर आणि संध्याकाळी एखाद्या घरी प्रार्थना, असा क्रम असतो. आठवड्यातले इतर दिवस घरभेटींत, आजाऱ्याला ग्रामीण रुग्णालयात पोहोचवण्यात आणि श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज लिहून देण्यात जातात. या अर्जांसाठी येणारे सगळे ख्रिस्ती असतात असे नाही. भात आणि नागलीची कापणी आटोपली, की अर्धी मंडळी द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी व निफाड तालुक्यांत उतरते. मग मीही महिन्यातून काही दिवस तिकडे जातो आणि दिवसभराचे काम संपल्यावर मजुरांच्या झोपड्यांसमोर कंदिलाच्या उजेडात प्रार्थना घेतो. पाळकाने मंडळी असेल तेथे जायचे असते, त्यामुळे ठरलेल्या वेळी घरी सापडणारा माणूस मी नाही.

राहायला मला न्यासाची एक खोली आहे. विजेचे बिल न्यासाच्या नावाने येते, गॅसची जोडणी आईच्या नावावर निफाडच्या घरी आहे आणि मोबाइल प्रीपेड आहे. बँकेच्या पासबुकावर आणि आधार कार्डावर पत्ता निफाडचाच होता. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर आधारवरील पत्ता बदलता येतो हे खरे, आणि शेवटी मी तोच मार्ग धरला; परंतु पाळकाची काही वर्षांनी बदली होते आणि प्रत्येक बदलीनंतर हेच सारे नव्याने करावे लागते.

महोदय, पत्त्याच्या पुराव्यांच्या आपल्या यादीत नामांकित कंपनीने लेटरहेडवर दिलेले प्रमाणपत्र मान्य आहे. ते योग्यच आहे, कारण कंपनीच्या निवासात राहणाऱ्याकडे दुसरा पुरावा नसतो. माझीही स्थिती नेमकी तीच आहे. आमचा न्यास महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियम, 1950 खाली नोंदलेला आहे, त्याचे हिशेब दरवर्षी तपासले जातात आणि विश्वस्तांची नावे धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी आहेत. त्या न्यासाच्या सही-शिक्क्याचे पत्र मी खिडकीवर ठेवले, तेव्हा तेथील कर्मचाऱ्याने यादी माझ्यासमोर धरली आणि कंपनी या शब्दावर बोट ठेवले. तो सौजन्याने वागला आणि नियमाबाहेर जाण्याचा अधिकार त्याला नव्हता. म्हणूनच बदल यादीत व्हायला हवा, आणि तो आपल्याच मंत्रालयाला करता येईल.

यानंतरचा प्रसंग पोलीस पडताळणीचा आहे. आमच्या मंडळीतील एक म्हाताऱ्या आजी वारल्या आणि त्यांचा दफनविधी पलीकडच्या पाड्यावर होता, जेथे मोबाइलला रेंज नाही. नेमक्या त्या दुपारी पडताळणीसाठी एक पोलीस कर्मचारी माझ्या खोलीवर येऊन गेले. दाराला कुलूप होते आणि फोन लागत नव्हता. संदर्भ म्हणून ज्या दोन शेजाऱ्यांची नावे मी अर्जात दिली होती, ते दोघेही त्या वेळी माझ्यासोबत आजींच्या कबरीवर माती लोटत होते. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही, असा अहवाल गेला आणि अर्ज अडला. त्या कर्मचाऱ्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. घाटरस्त्याने इतके अंतर यायचे, अंधार पडायच्या आत परतायचे आणि त्यातच ठाण्याची इतर कामेही सांभाळायची, हे मी रोज पाहतो. पण येण्याचा दिवस आधी कळवला असता तर त्यांचा फेरा वाचला असता, आणि दुसऱ्या पडताळणीसाठी प्रादेशिक कार्यालयाकडे मला जो अर्ज करावा लागला तोही टळला असता.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य विनंती अशी, की नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, देवस्थान किंवा वक्फ संस्था यांनी आपल्या निवासात राहणाऱ्या सेवकाला दिलेले प्रमाणपत्र, संस्थेचा नोंदणी क्रमांक व जबाबदार विश्वस्ताची सही असल्यास, कंपनीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच ग्राह्य धरावे. खोटे पत्र दिले गेल्यास तो विश्वस्त कायद्याने उत्तरदायी राहील. याचा लाभ मंदिराच्या आवारात राहणाऱ्या पुजाऱ्याला, मठातल्या कीर्तनकाराला आणि मशिदीच्या खोलीत राहणाऱ्या इमामसाहेबांनाही होईल.

दुसरी विनंती पडताळणीची. पोलीस यंत्रणा राज्याच्या अखत्यारीत आहे याची मला जाणीव आहे. तरीही येण्याचा दिवस संदेशाने आधी कळवावा आणि एकदा कुलूप आढळल्यावर लगेच प्रतिकूल अहवाल न पाठवता दुसरी तारीख द्यावी, एवढी सूचना आपले मंत्रालय राज्य सरकारला नक्कीच करू शकेल.

याशिवाय, आपल्या मंत्रालयाने फिरत्या पासपोर्ट सेवा वाहनांची सोय सुरू केली आहे. त्यातील एक वाहन वर्षातून निदान दोनदा, पेरणीपूर्वी आणि कापणीनंतर मजूर बाहेर पडण्याआधी, सुरगाणा, पेठ आणि कळवण येथे यावे. येथून नाशिकला जाऊन यायचे म्हणजे पूर्ण दिवस आणि मजुराची त्या दिवसाची मजुरी जाते. येथील मुले आता परिचर्येचे शिक्षण घेत आहेत आणि त्यांना परदेशी नोकरीची स्वप्ने पडू लागली आहेत. वाहनासोबत कागदपत्रांची यादी सोप्या मराठीत छापून आणली, तर माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांचे निम्मे प्रश्न जागीच सुटतील.

आपले मंत्रालय देते ती पासपोर्टची पुस्तिका आमच्याच जिल्ह्यात, नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात तयार होते, आणि त्याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. यादीतील दुरुस्तीबाबत आपल्या मंत्रालयाने आमच्याकडून अधिक माहिती मागवल्यास न्यासाची कागदपत्रे आणि इतर पाळकांचे अनुभव मी लेखी सादर करीन.

आपला विश्वासू,
एक पाळक,
तालुका सुरगाणा, जिल्हा नाशिक.