सागरगडाच्या वाटेवर नुसते बाण मारा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

अख्खी हयात अलिबागमध्ये गेली, बँकेत जाता-येता पेणच्या रस्त्यावरून सागरगडाचा डोंगर दिसायचा आणि दरवर्षी म्हणायचो या थंडीत जायचंच. असं म्हणता म्हणता रिटायर झालो, एक गुडघा कुरकुरायला लागला, आणि शेवटी गेल्या रविवारी भाच्याच्या मागे लागून (खरं तर तोच मागे लागला होता) चढलो एकदाचा.

उंची साधारण साडेतेराशे फूट. घाटावरचे ट्रेकर हसतील, पण त्यांची गाडी आधीच निम्म्या डोंगरावर नेऊन सोडते, आमच्याकडे पायथा जवळजवळ समुद्राच्याच लेव्हलला, त्यामुळे फूट न् फूट स्वतःच्या पायाने मोजावा लागतो. पायथ्याच्या खंडाळे गावातून सकाळी सातला निघालो, सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत काही वाटलं नाही, पुढे माची (डोंगरावरच्या सपाटीवरची वाडी) गाठेस्तोवर मात्र दम निघाला आणि शर्ट पिळून काढावा इतका घाम.

खरी गंमत माचीच्या पुढे. वाटेला दोन फाटे फुटतात, बाणबिण काही दिसला नाही, भाच्याचा मॅप रेंज नाही म्हणून हलेना, तेव्हा म्हटलं मळलेली वाट धरू. अर्धा तास गेला, गवत छातीपर्यंत आलं, पायाखाली मुरूम घसरतोय, आणि पँटीला इतकी कुसळं की बसायचीसुद्धा सोय नाही. तेवढ्यात डोक्यावर फाट्यांची मोळी घेतलेली एक बाई खालून आमच्याकडे बघून ओरडली, "अवो काका, ती गुरांची वाट हाय, मागं फिरा!" पायात साध्या स्लीपर, आणि मी तीन हजारांचे शूज घालून चुकलेला.

पण वर पोचलो आणि सगळं फिटलं. पश्चिमेला कुलाबा किल्ला आणि खांदेरी-उंदेरी, मागे वळलं की धरमतरची खाडी. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना जे २३ किल्ले द्यावे लागले त्यात हाही होता, आणि तो का मागितला असेल ते तिथे उभं राहिलं की पुस्तक न उघडता कळतं, खाडीत शिरणारं गलबत सुटायचं नाही नजरेतून. टोकाकडचा सुटा सुळका बघायला गेलो तेव्हा बायकोचा फोन लागला, "कड्यापासून लांब राहा," म्हणाली, राहिलो.

आता ज्यासाठी लिहितोय ते. पावसाळ्यात इथल्या धबधब्याखाली ही झुंबड उडते आणि थंडीत वर चिटपाखरू नसतं. लोकं आली पाहिजेत, पण म्हणून कृपा करून सिमेंटच्या पायऱ्या, रंगीत कमानी आणि सेल्फी पॉइंट नकोत, त्याचं काय होतं ते आपण इतर ठिकाणी बघतोच. माचीपासून गडापर्यंत जिथे जिथे वाट फुटते तिथे दगडावर पांढरा बाण मारला की झालं, आणि कुठला दगड ते माचीतल्या माणसांना विचारून ठरवा. ज्यांच्या अखत्यारीत येतं त्यांना परवानगी देण्यापलीकडे काही करायचं नाहीये. पेंटचा डबा आणि ब्रश माझ्याकडून, सोबत दोन तरणी पोरं द्या, गुडघ्याला आयोडेक्स चोळून मी परत चढायला तयार आहे.

आपला,
एक वाचक, अलिबाग