ला सेल्व्हाहून पत्र: फराळाचा पत्ता आणि बाकीचं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर निम्मं ऐकूच येत नाही आणि आई सगळा वेळ "जेवलीस का" एवढंच विचारते म्हणून यावेळी नीट टाईप करून पाठवतेय, दादाला सांगा प्रिंट काढून द्यायला म्हणजे बाबांना मोबाईलवर डोळे ताणायला नकोत. मी इथं कोस्टा रिकात, ला सेल्व्हाच्या संशोधन केंद्रात, छान आहे. खरंच छान आहे. जेवते, झोपते, वजन पण कमी झालेलं नाही. सकाळी भात आणि काळा घेवडा परतून देतात, गायो पिंतो म्हणतात त्याला, वर थोडी मिरची घेतली की उसळ-भात खाल्ल्यासारखंच वाटतं. तुमच्याकडे दिवेलागण होते तेव्हा इथं सकाळचे साडेसहा-सात वाजलेले असतात, मी बूट घालत असते, तेव्हा रोज तुळशीपुढचा दिवा डोळ्यासमोर येतो. कामाचं परत लिहीत नाही, त्याच झाडांखाली जाऊन दुर्बिणीतून वर बघायचं आणि फूल-फळ लिहून ठेवायचं, ते तुम्हाला पाठ झालंय.

आधी सापांचं, कारण बाबांनी कुणाचा तरी व्हिडिओ बघितलाय. हो, इथं तेर्सिओपेलो नावाचा विषारी साप आहे आणि तो भर वाटेत पानांच्या रंगात पडलेला असतो. पण बाबा, आपल्याकडे फुरसं एवढं असताना तुम्ही मला लहानपणी काजूच्या बागेत अनवाणी जाऊ द्यायचात की. इथं गुडघ्यापर्यंत गमबूट घातल्याशिवाय आमच्यातलं कुणी आत जात नाही, रात्री एकटीनं जायचं नाही, हातात बॅटरी, आणि कुठल्याही खोडाला बघितल्याशिवाय हात लावायचा नाही (ते सापापेक्षा मुंग्यांमुळे, बुलेट अँट म्हणून इंचभर मुंगी असते, चावली तर दिवसभर ठणकतं). आपल्याकडे हाफकिन आहे तशी इथं राजधानी सान होसेजवळ क्लोदोमिरो पिकादो नावाची संस्था आहे, १९७० पासून ते स्वतःच सर्पदंशावरचं औषध बनवतात. तेव्हा काळजी करू नका.

आता पत्त्याचं. आई, तू तीनदा विचारलंस फराळ कुठल्या पत्त्यावर पाठवू आणि मी तीनदा टाळलं, मागच्या वर्षीचं पार्सल परत गेलं त्यात तुझी काही चूक नव्हती. इथं पत्ता ही वस्तूच वेगळी आहे. घराला नंबर आहे म्हणून कुणी सांगत नाही, गल्लीला नाव असलं तरी कुणी घेत नाही. लोक सांगतात की अमुक चर्चपासून २०० मीटर दक्षिणेला, मग ५० मीटर पूर्वेला, हिरवं गेट. आणि १०० मीटर म्हणजे मोजून १०० मीटर नव्हे, १०० मीटर म्हणजे एक चौक ते दुसरा चौक, मग ते अंतर ८० असो की १२० असो. म्हातारी माणसं तर मीटरही म्हणत नाहीत, "वारा" म्हणतात, आपल्या वारासारखंच जुनं माप आहे ते. बरं, खूण तरी जागेवर असावी ना? तर तीही नाही. सान होसेला लागून सान पेद्रो आहे, तिथं पूर्वी एक मोठं हिगेरॉन होतं, म्हणजे आपल्या वडा-उंबराच्या कुळातलं झाड. ते झाड केव्हाच गेलं, पण लोक अजून पत्ता सांगतात "जुन्या हिगेरॉनपासून ३०० मीटर". जो माणूस झाड गेल्यावर जन्मला तोही तेच सांगतो, टॅक्सीवाल्यालाही बरोबर कळतं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी चौकात उभी राहून झाड शोधत होते, शेवटी एका आजींनी हात धरून नेलं. बाबा, तुम्ही तलाठी होतात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. आपल्या जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलीय ना, पूर्वेस रायवळ आंबा, तो आंबा मी तरी कधी बघितला नाही, पण अजून सगळे "आंब्याकडचा कोपरा" म्हणतात. मला त्या चौकात तेच आठवलं आणि उगाच रडू आलं. तर आई, सध्या काही पाठवू नकोस. चकल्या मऊ होतात इथं, पापड तर दोन दिवसांत. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत उरकतो, इथं बाराही महिने येतो, वर्षाला जवळपास ४००० मिलीमीटर. दांडीवरचा टॉवेल वाळतच नाही.

ला सेल्व्हाच्या जागेचं क्षेत्रफळ बाबांनी विचारलं होतं: साधारण १६०० हेक्टर. पूर्वी होल्ड्रिज म्हणून एक शास्त्रज्ञ होते त्यांची यातली मूळची जमीन, १९६८ मध्ये आमच्या संस्थेनं विकत घेतली. आपल्या देवराईत मोडलेली फांदी सुद्धा कुणी घरी नेत नाही तसंच इथं आहे, फक्त देवाच्या जागी संशोधन. त्यामुळे रानडुकरांसारखे पेकारी कळपानं आमच्या खोल्यांपाशी चरतात आणि आमच्याकडे बघतही नाहीत.

आई, तुला दोन गोष्टी सांगायच्याच आहेत. एक, चाफा. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एक ताई निकाराग्वाच्या आहेत, सीमा इथून जवळच आहे. त्यांनी परवा केसात फूल माळलं होतं, बघते तर आपला चाफा. साकुआन्होचे म्हणतात त्याला, त्यांच्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. अगं चाफा मूळचा इकडचाच, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. चिकू, सीताफळ, पेरू, मिरची, झेंडू, सगळी अमेरिकेकडून आलेली. कुंपणाला लावतो ती उंदीरमारी पण इथं कुंपणालाच लावतात, फांदी रोवली की झाड, आणि स्पॅनिशमध्ये काही भागांत तिला "मातारातोन" म्हणतात, म्हणजे उंदीरमारीच! आजी रोज चाफ्याची फुलं वेचायची ते मी त्या ताईंना सांगितलं. ती गेली तेव्हा मी इथंच होते हे मात्र नाही सांगता आलं.

दुसरी, बेडकी. नखाएवढी, लालभडक, पाय निळे, जीन्स घातल्यासारखी. पिल्लं झाली की एकेकाला पाठीवर घेऊन झाडावर चढते, आणि अननसाच्या कुळातली झाडं असतात ना फांद्यांवर वाढणारी, त्यांच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं, तिथं एकेकाला वेगवेगळं ठेवते. मग दर थोड्या दिवसांनी प्रत्येकाकडे परत जाते आणि त्याच्यापुरतं अंडं घालते, फलित न झालेलं, खायला म्हणून. आई आली की ते पिल्लू शेपटी ताठ करून थरथरतं. असं महिना-दीड महिना. मी एकीला पावसात बसून दोन तास बघत होते. तू दर रविवारी एसटीनं रत्नागिरीला माझ्या हॉस्टेलवर डबा घेऊन यायचीस, आणि मी मैत्रिणींसमोर लाजायचे. तेव्हाचं सॉरी आज म्हणतेय.

आता खरं ते. दादाचा साखरपुडा जानेवारीत ठरला हे ऐकून मी दिवसभर खूष होते, पण मला येता येणार नाही. अल्मेन्द्रो नावाचं झाड आहे, आपल्या पळसाच्या कुळातलं, ६०-७० हात उंच, त्याच्या ढोलीत हिरवे मकाव पोपट घरटं करतात आणि मुख्यतः त्याच्याच फळांवर जगतात. फळं पिकतात डिसेंबर ते मार्च. माझं सगळं काम त्या चार महिन्यांवर उभं आहे, एक हंगाम चुकला की वर्ष गेलं. फळ माझ्यासाठी थांबत नाही. लग्नाला मात्र मी मेमध्ये येणार म्हणजे येणार, तिकीट काढलंय, १५ दिवस आधीपासून घरी, हळद मी वाटणार. दादाच्या हिला माझ्याकडून साडी घ्या, रंग तिलाच निवडू दे.

पैसे: बाबांच्या खात्यात ४० हजार टाकलेत, त्यातले आधी डोळ्याच्या ऑपरेशनचे. बाबा, ते एफडीत टाकू नका, प्लीज, मोतीबिंदू लग्नाआधी काढून घ्या. मला इथं खर्चच नाही फारसा, राहणं-जेवण यातच आहे, मी पोट मारून पाठवते असं मावशीला वाटत असेल तर तिला सांगा.

आणि चिपळूणचं स्थळ. मुलगा चांगला आहे, मी दोनदा बोलले त्याच्याशी. पण तो म्हणाला जंगलाचं हे किती वर्षं, आणि मला उत्तर देता आलं नाही, देता येणार पण नाही दोन वर्षं तरी. तेव्हा नाही म्हणून कळवा, त्यांना ताटकळत ठेवू नका. आई, तू रडू नकोस, एकतिसावं लागलं मला माहितीये. मामांना मी स्वतः फोन करीन.

गणपतीत दोन दिवस फोन लागला नाही तेव्हा रेंज नव्हती असं सांगितलं होतं, ताप होता, आता काही नाही, डॉक्टरांनी बघितलं होतं. दादाला सांगू नका तो चिडेल.

चाफ्याला पाणी कमी घाल, पानं गळली तरी मेलेला नसतो.

तुमची,
मनू