शिष्यवृत्ती अर्ज व बँक खात्याबाबत पालक सभासदांना सूचना

बंधू-भगिनींनो,

महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज मंजूर होतो, तरी पैसे खात्यात येत नाहीत, ही तक्रार आपल्या गटात दरवर्षी येते. बहुतेक वेळा अडतं ते आधार सीडिंगवर, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी खात्याला आधार जोडण्यावर. पासबुकाला आधारची झेरॉक्स जोडली म्हणजे काम झालं असं समजू नका. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) याच खात्याला आधार जोडलंय ना?’ असं स्पष्ट विचारा. मुलाची दोन खाती असतील तर जे शेवटी जोडलं असेल, त्यातच रक्कम जाते.

मुलींच्या पालकांनी हे जरूर वाचावं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) व ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅप फेरीतूनच (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच) हवा. मॅनेजमेंट कोट्याला सवलत नाही. फीपायी पोरीचं इंजिनिअरिंग थांबवू नका, ही कळकळीची विनंती.

धडगाव, अक्कलकुव्याहून नंदुरबार-धुळ्याला शिकायला येणाऱ्या आदिवासी मुलांनी आधी शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करावा. तिथे जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात मिळतात. चौकशी आपापल्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी: नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावल.

उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आजच काढायला टाका. कापूस वेचणी सुरू झाली की कुणालाच सवड नसते. फॉर्म भरताना अडलं तर गटात लिहा. ओटीपी मात्र कुणालाही देऊ नका.